आनंदाबाईचा तळतळाट

आसगावच्या बाजारात चिचटोल्याचं कुणी दिसलं की आनंदाबाई हातातलं काम टाकून उभी राहायची. समोरचा माणूस वांगी निवडत असो की मिरचीचा भाव करत असो, ती पदर कमरेला खोचायची आणि निम्म्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "काहून गा, जिते आहा का अजून? मले वाटलं, बुडालं असन तुमचं गाव आतापावेतो."

चिचटोल्याची माणसं पिशवी उचलून दुसऱ्या दुकानाकडे सरकत. बाकीचा बाजार हसे आणि एखादा आगाऊ तिला आणखी चेव आणून देई. मग ती घराघराची नावं घेऊन सुरू होई. पहिलं नाव ठरलेलं असे, सासूचं. "सत्यभामे, तुह्या डोळ्यांदेखत तुह्या घराची माती होईन!" सत्यभामाबाई त्या वेळी दोन कोसांवर, तलावापलीकडे, आपल्या चुलीपुढे बसलेली असे. पण ती समोरच उभी आहे अशा रागानं ही बोलायची.

राग उगाचचा नव्हता. तेजरामशी लग्न होऊन ती चिचटोल्यात गेली तेव्हा पोरसवदाच होती. धानाच्या रोवणीत ती दोन बायांचं काम एकटी ओढी, घर सारवी, सासूचे पाय चेपी. मूल मात्र झालं नाही. सासूनं आधी नवस केले, मग वैदू केले आणि मग सुनेशी बोलणंच टाकलं. एका उन्हाळ्यात तेजरामनं गिरजाबाईशी पाट लावला आणि तिला घरात आणलं. आनंदाबाईनं तेही गिळलं. सवतीच्या हाताखाली ती मुकाट राबत राहिली. पुढं गिरजाबाईला दिवस गेले आणि सासू म्हणू लागली, वांझेची सावली पोटुशीवर पडू नये. माघातल्या एका सकाळी तिनं आनंदाबाईचं गाठोडं बांधलं आणि पुढच्या सपरीत, ओसरीवर, आणून ठेवलं. तेजराम तिथंच बसून नांगराचा फाळ ठोकत होता. हा एकदा तरी मान वर करेल म्हणून आनंदाबाई त्याच्यासमोर उभी राहिली. तो फाळ ठोकत राहिला.

गावाबाहेरच्या चिंचांपर्यंत ती गप्प चालली. तिथं पोचल्यावर वळली आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, "माह्या डोक्यावरचं छप्पर काढलं तुम्ही! तुमच्या डोक्यावर एक कवेलू राहणार नाही!" विहिरीवरच्या बायांनी ते ऐकलं. गावभर झालं. त्या दिवसापासून तिच्या तोंडाचा बांध फुटला तो फुटलाच.

माहेरी आसगावात आईबाप उरले नव्हते. धाकटा भाऊ केवळराम होता. त्यानं गुरांच्या कोठ्याचा अर्धा भाग तिला दिला आणि मधे कुडाची भिंत घातली. तिची चूल वेगळी, शेळ्या वेगळ्या. रोवणीच्या दिवसांत ती बायांची टोळी घेऊन बांधोबांध हिंडायची. तिच्या टोळीतल्या बायांना कोणताही शेतकरी फसवायला धजत नसे, कारण नंतर तिच्या जिभेला तोंड द्यावं लागे. भावजय कौशल्याबाई तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोले. गावात कुणी तिला हळदीकुंकवाला बोलावत नसे, पण वाटेत अडवण्याचीही कुणाची छाती नव्हती. एकट्या बाईला तेवढं पुरे होतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखात ते वादळ आलं.

त्या दुपारी ती तलावाच्या पाळीवर जळतण गोळा करत होती. सकाळपासून हवा अशी कोंडली होती की मोहाचं पान हलत नव्हतं. तलावाचं पाणी शिळ्या तेलासारखं दिसत होतं. खाली चरणारी गुरं अचानक माना वर करून एका बाजूला सरकू लागली. तिनं पश्चिमेकडे पाहिलं, तर आभाळ तांब्याच्या जुन्या हंड्यासारखं झालेलं, आणि त्याखाली काळी भिंत. पाऊस असा येत नाही, एवढं तिला कळलं. मग आवाज आला. धानगिरणीचा पट्टा सुटून भिंतीवर आपटत राहावा तसा, थांबायचं नाव नाही असा आवाज.

ती काळी भिंत चिचटोल्यावर चढताना तिनं पाहिली. आधी धूळ उठली, पिवळी, चिंचांच्या शेंड्यांच्याही वर. धुळीतून तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे, ढीगच्या ढीग आभाळात गेले आणि विस्कटले. पत्रे उडाले, एकमेकांवर आपटत गोल फिरले. एक पत्रा वाऱ्यावर तरंगत थेट तलावावर आला आणि धारेनं पाण्यात शिरला. बगळ्यांचा थवा वाऱ्यापुढं पळत होता. तिच्या डोळ्यांसमोर तो थवा पिंजलेल्या कापसासारखा फाटला आणि दिसेनासा झाला.

तेवढ्यात वारा तिच्यापर्यंत पोचला. जळतणाचा भारा हातातून गेला, डोक्यावरचा पदर गेला. ती पाळीच्या आडोशाला पालथी पडली आणि मोहाच्या उघड्या मुळाला तिनं दोन्ही हातांनी मिठी घातली. वरून गारा सुरू झाल्या. आवळ्याएवढ्या गारा पाठीवर, मानेवर, डोक्यावर बसत होत्या. कुणीतरी वैरी पायानं तुडवतो आहे असं तिला वाटलं. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर तोंडात माती गेली. वारा तिला मुळापासून ओढत होता, पाय जमिनीवर टेकत नव्हते. मुळाची साल तिच्या कोपरात घुसली, तरी तिनं मिठी सोडली नाही. देवाचं नाव घ्यावं असं मनात आलं, पण तोंडून एकही देव बाहेर पडला नाही.

मग ते सारं जसं आलं तसं पुढं निघून गेलं. गारांचा खच पडला होता आणि थंडी वाजत होती. अंगावरची माती झाडत ती उठली आणि तलावापलीकडे पाहिलं.

चिंचा दिसत नव्हत्या. लहानपणापासून त्या बाजूला पाहिलं की चिंचांची काळी रांग दिसायची. आज तिथं नुसतं आभाळ होतं. छपरांची लाल रेघही नव्हती.

आनंदाबाईच्या पोटातून काहीतरी गरम वर आलं. तो आनंद होता. तिनं त्याला दुसरं नाव द्यायचा प्रयत्न केला नाही. गारांच्या मारानं पाठ सुजली होती, कोपरातून रक्त येत होतं, आणि ती त्या उघड्या आभाळाकडे पाहून हसत होती.

आसगावाला वादळाची फक्त कड लागली. काही कवेलू गेले, आंबे झडले, एक गोठा बसला. पण दिवस मावळायच्या आत चिचटोल्याहून बैलबंड्या येऊ लागल्या. जखमी माणसं तणसावर निजवून पवनीच्या दवाखान्यात नेत होते. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचा पाय लोंबत असलेला. सारं आसगाव रस्त्यावर आलं. बंडी हाकणारा सांगत होता, "घर म्हनून नाही राहिलं. मारोतराव गेला. आढं पडलं अंगावर, जागीच गेला."

हे ऐकताना माणसांनी एकेक करून आनंदाबाईकडे पाहिलं. तिच्या आजूबाजूला हळूहळू जागा रिकामी झाली. कौशल्याबाई दबक्या आवाजात म्हणाली, "झालं ना बाई तुमच्या मनासारखं?"

"झालं," आनंदाबाई म्हणाली. आणि कोठ्यात जाऊन तिनं रोजच्यासारखा भात मांडला.

मारोतरावाला ती नीट ओळखतही नव्हती. चिचटोल्याच्या टोकाला राहणारा, वाटेत दिसला की मान हलवणारा माणूस, एवढंच. जेवताना तो तिला आठवत राहिला. तरी आनंद गेला नाही. दोन्ही एकाच पोटात राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिचटोल्याला निघाली. "कायले जाता?" केवळरामनं विचारलं.

"पाहाले," ती म्हणाली.

पाळ उतरून ती गावाजवळ आली तेव्हा आडव्या झालेल्या चिंचांनी रस्ता बंद केला होता. त्यांच्या मुळ्या माणसापेक्षा उंच उभ्या राहिल्या होत्या आणि फांद्यांखाली पोपट मरून पडले होते, हिरव्या पानांचा सडा पडावा इतके. ती फांद्यांवरून चढून गावात शिरली. मातीच्या भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या. कवेलूंचा असा चुरा झाला होता की पाय ठेवला की करकर वाजे. भिजलेलं धान लोकांनी जागोजाग पसरवलं होतं आणि त्याला आंबूस वास सुटला होता. बाया ढिगाऱ्यातून भांडी ओढत होत्या. तिला पाहून त्यांचे हात थांबले. एकीनं तोंड फिरवलं. दुसरीनं ढेकूळ उचलून मारलं, ते तिच्या पायाशी फुटलं.

"आली पाहा चेटकीन! गाव खाऊन पोट नाही भरलं का व?"

आनंदाबाई थांबली नाही. तिला एकच घर पाहायचं होतं.

ते घर राहिलं नव्हतं. सपरी नव्हती, मागची खोली नव्हती. तिनं वर्षानुवर्षं सारवलेला चुलीचा ओटा तेवढा उघड्या आभाळाखाली शाबूत होता. त्याच्याजवळ उखळाला टेकून सत्यभामाबाई बसली होती. डावा हात मांडीवर पडलेला, खांदा एका बाजूला उतरलेला. केस मातीनं लडबडलेले. ती एवढीशी दिसत होती.

"पाहाले आली?" म्हातारीनं विचारलं.

"हो. पाहाले आली."

"पाह मंग. डोळे भरून पाह."

आनंदाबाईनं खरंच पाहिलं. घाई केली नाही. पडलेल्या भिंती पाहिल्या, फुटलेली कणगी पाहिली, म्हातारीच्या सुकलेल्या ओठांवरची माशी पाहिली. मग विचारलं, "तुहा पोरगा कोठी आहे?"

"गिरजीले अना लेकराले तिच्या माहेरी पोचवाले गेला. येते मले न्याले."

"कधी?"

म्हातारीनं मांडीवरचा हात सावरला. उत्तर पलीकडच्या ढिगाऱ्यातल्या बाईनं दिलं. तिला आनंदाबाईचा राग होताच, पण तेजरामचाही आलेला असावा. "कायचा येते! सकाळी त्याच्या साळ्यानं बंडी आणली. धानाच्या पोत्यांले जागा होती बंडीत. बुढीले नोहोती."

"चूप राह्य," म्हातारी तिच्यावर ओरडली. ओरडताना खांद्यातून कळ गेली आणि तिनं डोळे मिटले.

आनंदाबाई पाठ फिरवून चालू लागली. चिंचांवरून उतरून, पाळ चढून, ती आसगावात आली आणि सरळ केवळरामपुढं उभी राहिली. "बंडी जुंप."

"कायले?"

"बुढीले आणाची आहे."

केवळरामला वाटलं, बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला. "त्या बुढीले? माह्या घरी? बाई, तिनंच तं तुमाले..."

"तुह्या घरी नाही. माह्या अर्ध्या कोठ्यात. जुंप."

तिनं असं का केलं हे पुढं पुष्कळांनी पुष्कळ वेळा विचारलं. दया आली असं ती कधी म्हणाली नाही. रोवणीच्या बायांना एकदा तिनं सांगितलं, "बुढी तिथं मेली असती तं मी कोनाशी भांडली असती?" बाया हसल्या. ती हसली नव्हती.

बंडीतून उतरवतानाच दोघींची जुंपली. म्हातारी म्हणाली, गुरांच्या शेणात मले निजवते. आनंदाबाई म्हणाली, तू मले काय पलंगावर निजवलं होतं. हाड बसवणाऱ्या माणसानं खांदा ओढून बांधला तेव्हा म्हातारीनं किंचाळून त्याला शिव्या दिल्या, आणि आनंदाबाईनं तिचे पाय घट्ट धरून ठेवत म्हातारीला शिव्या दिल्या. कौशल्याबाईनं मधलं दार लावून घेतलं.

चिचटोल्यात मात्र रोज नवीन बोलणं निघत होतं. वादळ बाकीची गावं सोडून नेमकं याच गावावर का आलं? आसगावाचे आंबेच का झडले फक्त? मारोतरावाचा धाकटा भाऊ भोजराज दुःखानं वेडापिसा झाला होता. कुणीतरी त्याला एका जाणत्याकडे घेऊन गेलं. जाणत्यानं डोळे मिटून सांगितलं, गावाबाहेरच्या चिंचेखाली एका बाईचा शब्द पडला आहे, तो उचलल्याशिवाय गावाला शांतता नाही. चिंचेखाली शब्द कुणाचा पडला होता हे शोधत बसायची गरजच नव्हती.

मारोतरावाची तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी चिचटोल्याचे पुरुष काठ्या घेऊन आसगावात शिरले. पुढं भोजराज होता. कोठ्यासमोर येऊन त्यानं हाक मारली. आनंदाबाई शेळीचं दूध काढत होती. ती तशीच बाहेर आली.

"चाल," भोजराज म्हणाला. "चिचटोल्याले चाल. साऱ्या गावादेखत मारुतीपुढं नाक घास अना तुहा शब्द वापस घे."

केवळरामनं हात जोडले. "दादा, बाईमाणूस आहे. जाऊ द्या." त्याला कुणीतरी ढकललं, तसा तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. आसगावचे लोक जमले होते. तिच्या टोळीतल्या बायाही होत्या. कुणी पुढं येत नव्हतं. आनंदाबाईनं एकेकीकडे पाहिलं. ज्यांच्यासाठी ती बांधाबांधावर भांडली होती त्यांनी नजर जमिनीला लावली होती. तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. हे लोक आपल्याला नेतील, आणि तिथं नाक घासण्यावर थांबणार नाहीत.

"घेते का नाही शब्द वापस?"

एवढं म्हणून टाकलं असतं तर कदाचित ते गेलेही असते. पण शब्द परत घेणं म्हणजे वादळ मीच आणलं असं कबूल करणं. आणि खरं सांगायचं तर त्याहून आतली गोष्ट होती. घर गेलं, नवरा गेला, मूल झालंच नाही. तो चिंचेखालचा शब्द तेवढा तिचा स्वतःचा होता.

"नाही घेत," ती म्हणाली.

भोजराजची काठी तिच्या कपाळावर बसली. ती खाली बसली. डोळ्यात रक्त उतरलं आणि समोरची माणसं लाल दिसू लागली. कुणीतरी तिच्या दंडाला धरून ओढलं.

"थांब रे भोजराज!"

कोठ्याच्या दारात सत्यभामाबाई उभी होती. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्यानं दाराची चौकट धरलेली. चिचटोल्याच्या माणसांपैकी पुष्कळांना ती इथं आहे हेच माहीत नव्हतं. ओढणारे हात सुटले.

"काकी, तू? हिच्या घरी?"

"कोनाच्या घरी राहू? तुह्या? आहे का तुले घर?" म्हातारी धापा टाकत होती, पण आवाज तोच होता, जुना, सुनेला ऐकवण्यासाठी कमावलेला. "मले पुसलं का कोनं? गावाले हिनं शिव्या देल्ल्या त्या उरल्यासुरल्या. पहिली शिवी माह्या नावाची होती. दर बाजारी. सत्यभामे मरशीन, सत्यभामे सडशीन, किडे पडन. तुमच्याच बाया घरी येऊन मले सांगत होत्या, चवीनं. किती वर्स झाले! हिच्या जिभेत दम असता तं पहिले मी मेली असती. मेली का? पाहा. उभी आहो."

म्हातारीनं चौकटीवरचा हात आणखी आवळला.

"अना मारोतरावाचं नाव हिच्या तोंडून कधी आलं का? सांग! मले सोडून त्याले काहून मारन हे? हिचं वैर माह्याशी आहे. तुमी कोन मधात येनारे?"

गर्दीतून कुणीतरी फस्सकन हसलं. आसगावचं कुणीतरी असावं. त्या हसण्यानं सगळं बिनसलं. काठ्या धरलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. भोजराजच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, "काकी, तू हिची बाजू घेऊन राहिली?"

"हिची बाजू? हिची? थू!" म्हातारी खरोखरच थुंकली. "जा घरी. तुह्या भावाची बायको एकटी बसली असन."

ते गेले. जाता जाता कुणीतरी दुधाचं भांडं लाथेनं उडवलं. गर्दी पांगली, आणि मग टोळीतल्या बाया हळद घेऊन धावत आल्या. आनंदाबाईनं त्यांना हातानंच बाजूला सारलं. पदर कपाळावर दाबून ती कोठ्यात गेली आणि म्हातारीवर कडाडली, "तुले कोनं बोलावलं होतं मधात?"

"तुह्यासाठी नाही आली," म्हातारी भिंतीला टेकत म्हणाली. "तुले घेऊन गेले असते तं मले भात कोनं देल्ला असता?"

कपाळावरची खूण कायमची राहिली. दुसरंही काहीतरी राहिलं, ते लोकांना उशिरा लक्षात आलं. आनंदाबाई बाजारात गप्प झाली. चिचटोल्याचं माणूस दिसलं की तिचं तोंड उघडे आणि तसंच मिटे. एकदा रोवणीत बांधावरून घसरली तेव्हा तिनं शेताच्या मालकाला "मरशीन" म्हटलं, आणि मग दिवसभर तिची नजर त्याच्यावर होती. शेळीनं तांदूळ सांडले म्हणून शेळीला "वाघ खाऊन जावो" म्हणाली, आणि सकाळी उठून आधी शेळी मोजली. म्हातारीनं सगळ्यांसमोर सांगितलेलं तिलाही पटलं होतं. पण पुरतं पटलं नव्हतं. पाळीवर उभी राहून आपण हसलो होतो, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

शिव्या द्यायला आता एकच माणूस उरलं होतं, ज्याला त्या लागत नाहीत हे सिद्ध झालं होतं. त्यामुळं सगळ्या म्हातारीच्या वाट्याला येऊ लागल्या. म्हातारीही कमी नव्हती. भात कच्चा आहे, लाखोळीच्या डाळीत मीठ नाही, शेळीचा वास येतो. सकाळी दोघींचा आवाज ऐकून कौशल्याबाई म्हणायची, उठल्या वाटते.

तेजराम आला तो दिवाळीनंतर. चिचटोल्यात नवी घरं उभी राहिली होती. तो दारातच उभा राहिला, आनंदाबाईकडे न पाहता म्हणाला, "माय, चाल." म्हातारीनं त्याला पोत्यांवरून ऐकवलं, रडली, आणि गाठोडं बांधायला सांगितलं. लेक तो लेक. आनंदाबाईनंच गाठोडं बांधलं, बंडीत फेकल्यासारखं ठेवलं. बंडी वळेपर्यंतही ती बाहेर थांबली नाही.

होळीच्या आधी म्हातारी परत आली, पायी, काठी टेकत, पाळीवरून. आनंदाबाई अंगण झाडत होती.

"काहून? हाकललं?"

"हाकलाची काय हिंमत आहे! गोड बोलते व गिरजी. माय माय करते अना भाताचा गंज झाकून ठेवते." ती आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. "पानी दे."

त्यानंतर ती कुठं गेली नाही. पुढची काही वर्षं दोघी त्या अर्ध्या कोठ्यात भांडत राहिल्या. म्हातारीला दिसेनासं झालं तेव्हा आनंदाबाई तिला हाताला धरून बाहेर नेऊ लागली, आणि नेताना तिला चिमटे काढी असं म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. ते खरं होतं. शेवटच्या पावसाळ्यात म्हातारीनं अंथरूण धरलं. रोवणीचे दिवस होते, पण आनंदाबाईनं त्या वर्षी टोळी दुसरीच्या हाती दिली. म्हातारी गेली ती दुपारी, पेज नको म्हणून तोंड फिरवलं आणि तशीच गेली. "पी व, पी," असं आनंदाबाई थोडा वेळ रागावून म्हणत राहिली होती.

चिचटोल्याची माणसं मातीला आली. तेजरामनं अग्नी दिला. भोजराजही आला होता, केस पांढरे झालेले. परतताना तो कोठ्यापाशी थांबला आणि त्यानं पाणी मागितलं. आनंदाबाईनं माठाकडे बोट दाखवलं. त्यानं स्वतःच घेतलं, प्यायला, आणि पेला पालथा घालून गेला.

तेजराम मागं रेंगाळला होता. गिरजाबाईला बरं नव्हतं, घरात करणारं कुणी नव्हतं. "आता तू बी एकटीच आहे," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "घर तुहंच आहे."

"मान वर कर," आनंदाबाई म्हणाली.

त्यानं केली. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं फडकं उचललं आणि चूल पुसायला घेतली. तो थोडा थांबला आणि निघून गेला.

पावसाळा सरल्यावर तिनं म्हातारीचा कोपरा सारवला आणि तिथं व्यायला झालेली शेळी बांधली. कौशल्याबाईला ते बरं वाटलं नाही. "बाई, मानसाच्या जागी जनावर?"

"बुढीपेक्षा बरी आहे," आनंदाबाई म्हणाली. "ऐकून तं घेते."

कौशल्याबाई हसली. आनंदाबाई शेळीसमोर पाला टाकत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.